आजीची सहाही बाळंतपणं चाळीतल्या खोलीत झाली, वाडिया हॉस्पिटल एवढं जवळ असून. का?

नायगावची_नात

नमस्कार मंडळी, खूप दिवस मनात आहे ते विचारते. माझी आजी (वडिलांची आई) नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची, आजोबा गिरणीत साचेखात्यात (कापड विणायच्या खात्यात) होते. १९४७ ते १९६१ मध्ये तिची सहा बाळंतपणं झाली आणि सहाही त्याच खोलीत. चार मुलं जगली. एक मुलगा आठव्या दिवशी गेला एवढंच ती सांगायची, आणि एक मुलगी होती तिच्याबद्दल तर काहीच बोलायची नाही, विषय निघाला की उठून मोरीत भांडी घासायला जायची.

आजी दोन वर्षांपूर्वी गेली. आता मी घरातल्या सगळ्यांकडून विचारून लिहून काढतेय, पण बाबांना फार आठवत नाही. धाकट्या काकांच्या वेळी ते सात वर्षांचे होते, त्यांना खाली पाठवलं होतं आणि वरून सुईणीचा मोठा आवाज येत होता एवढंच आठवतं.

मला कळत नाही की १६० स्क्वेअर फुटाच्या खोलीत नऊ माणसं राहत असताना बाळंतपण करायचे कसे? पुरुष कुठे जायचे? सुईण कोण असायची, तिने काही ट्रेनिंग घेतलेलं असायचं का? आणि मेन प्रश्न म्हणजे परळचं वाडिया मॅटर्निटी तिथून चालत वीसेक मिनिटांवर, ते १९२६ पासून आहे, म्हणजे आजीच्या वेळी वीस वर्षं झालेली होती. मग गेली का नाही? बाबा म्हणतात तेव्हा पद्धतच तशी होती. एक नातेवाईक म्हणाले अडाणीपणा, दुसरं काय. ते मला लागलं कारण माझी आजी अडाणी नव्हती हो, बारा माणसांची खानावळ चालवायची आणि सगळा हिशेब तोंडपाठ. कुणाच्या घरच्या आठवणी असतील तर प्लीज सांगा.

---

लालबागची_मावशी

बाळ तुझी पोस्ट वाचून रात्री झोप नाही लागली मला. मी ७८ वर्षांची आहे, नातवाने फोनवर बोलून टाइप करायला शिकवलंय त्यामुळे चुका झाल्या तर सांभाळून घे.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मी दहा वर्षांची होते, सगळं पाहिलंय. आमची लालबागला चाळ, मजल्यावर सामाईक नळ आणि पाणी फक्त पहाटे. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. कोकणातल्या बाया बाळंतपणाला गावीच जायच्या, आई पण आधीच्या तिन्ही वेळा गेली होती, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. पण या वेळी दिवस भरत होते आषाढात आणि पावसाळ्यात बोट बंद. एसटीने घाटातून तशा अवस्थेत कोण नेणार? म्हणून मुंबईतच राहिली. तुझी आजी कुठली ते तू लिहिलं नाहीस पण मुंबईत बाळंत झालेल्या पुष्कळ बायांचं असंच होतं, एक तर पावसाळा नाहीतर मागे घर बघणारं कोणी नाही.

कळा रात्री सुरू झाल्या. वडील आणि दोघे काका गॅलरीत झोपायचे ते उठून खाली गेले, पुढचे दोन दिवस त्यांचं झोपणं नाक्यावरच्या व्यायामशाळेत. मुलगे शेजारच्या खोलीत. मला आईने थांबवून घेतलं, म्हणाली पोरीला कळू दे. खोलीतल्या ट्रंका एका बाजूला केल्या, खाली गोणपाट आणि वर जुनेर (धुऊन मऊ झालेलं लुगडं बाळंतपणासाठी साठवून ठेवायचे, नवं कापड नाही). पाळण्याच्या कडीला दोरखंड बांधला, त्याला धरून आई उकिडवी बसली आणि मागून शेजारच्या काकूंनी तिला काखेतून धरलं. चार खोल्यांच्या चुलींवर पाणी तापत होतं. पाणी पहाटेच येणार म्हणून सातव्या महिन्यापासून शेजारणींनी आळीपाळीने एक पिंप भरून ठेवलेलं असायचं, ते कुणी हात लावायचा नाही. सगळ्या ट्रंकांची कुलपं उघडली, आईचे केस सोडले, कुठे गाठ म्हणून ठेवायची नाही, म्हणजे बाई लवकर मोकळी होते अशी समजूत.

सुईण मागच्या पत्र्याच्या चाळीत राहायची, घाटावरची होती. मूल बाहेर आलं, रडलं, तरी मुलगा की मुलगी ते ती बोललीच नाही. वार (मुलामागून बाहेर पडते ती) पडेपर्यंत सांगायचं नाही अशी तिची रीत. बाईने आनंदाने किंवा दुःखाने धसका घेतला तर वार अडते म्हणायची. वार पडली मग म्हणाली, "ल्योक हाय गं माय."

आता तुझ्या मेन प्रश्नाचं. मी पुढे आईला हेच विचारलं होतं, माझं पहिलं बाळंतपण हॉस्पिटलात झालं तेव्हा. ती म्हणाली, मूल व्हायला काय, एक रात्र. पण पुढचे दहा दिवस कोण करणार होतं माझं? हॉस्पिटलातून दोन-तीन दिवसांत घरी पाठवायचे. सुईण मात्र दहा दिवस सकाळी यायची, आईला तेल लावून रगडायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची, पोट बांधायची, शेगडीचा शेक, ओवा-बाळंतशेपाची धुरी, बाळाला पायावर घेऊन अंघोळ, शिवाय बाळंतिणीचे कपडे धुवायची, जे घरातलं दुसरं कोणी धुतलं नसतं. सासू गावी, नवरा पाळीला, खानावळीची माणसं जेवायला दारात. अशा घरात सुईण म्हणजे ते दहा दिवस. बाई हॉस्पिटलात गेली तर मागे आम्हा तीन पोरांना भाकरी कोण थापणार होतं? आईच्या बाबतीत अडाणीपणा हा शब्द मी पण कुणाकडून ऐकून घेणार नाही.

---

निवृत्त_नर्स

मावशी, वाचताना डोळ्यासमोर उभं राहिलं सगळं. मी मुंबईतल्या एका प्रसूतिगृहात ३० च्या वर वर्षं काढली, १९७४ ला लागले, त्यामुळे या काळाचा शेवटचा भाग मी पाहिलाय. चाळीत घरभेटीला जायचो तेव्हा म्हाताऱ्या सुइणी भेटायच्या.

आधी जे त्यांचं बरोबर होतं ते सांगते, कारण आमच्या ट्रेनिंगमध्ये ते कुणी सांगितलं नव्हतं. उकिडवं बसवून किंवा दोरी धरून कळा द्यायला लावणं हे आडवं पाठीवर झोपवण्यापेक्षा पुष्कळ बायकांना सोपं जातं. आणि बऱ्याच सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत, आम्ही त्यांना नावं ठेवायचो आणि मूल बाहेर आल्याआल्या चिमटा लावून कापायचो. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की मूल ठीक असेल तर एक ते तीन मिनिटं थांबा, बाळाला जास्त रक्त मिळतं.

पण नायगावची नात, तुझा काका आठव्या दिवशी गेला हे वाचून मला थांबावं लागलं. मी काही तपासलेलं नाही त्यामुळे ठाम सांगता येणार नाही, पण चांगलं रडलेलं, चांगलं प्यायलेलं मूल आठवड्याच्या आसपास दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, हात लावला की अंग ताठ होतं आणि जातं, तर तो धनुर्वात (टिटॅनस). बहुतेक वेळा जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत होतो. कारण नाळ. विळ्याने, ब्लेडने, कधी बांबूच्या धारदार सालीने कापायची आणि वर राख किंवा शेण लावायचं. त्यातून जंतू आत जातो. आता बघ, आपल्याकडे पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणून रात्रभर जागतात, बाळाजवळ कोयता-विळा ठेवतात. मला नेहमी वाटत आलंय की ही भीती उगाच त्या दिवसांना चिकटलेली नाही, मुलं खरंच त्याच दिवसांत जायची. बायका जाग्या राहायच्या पण राखणीला ठेवलेला विळा तोच असायचा ज्याने नाळ कापली.

दुसरी चूक म्हणजे हात. न धुतलेल्या हाताने आतून तपासायचं, त्याने बाळंतिणीला ताप भरायचा. आणि तिसरी म्हणजे गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडायच्या आधीच जोर करायला लावायचं, पोटावर दाब द्यायचा. त्याने बाई थकून जायची, कधी गर्भाशय फाटायचं. शिवाय पहिले तीन दिवस चीक (आईचं पहिलं घट्ट दूध) पिळून टाकायचा आणि बाळाला मध नाहीतर गुळाचं पाणी, हे तर मी कधीच समजून घेऊ शकले नाही. बाळ लगेच छातीला लावलं की गर्भाशय आकुंचन पावतं, आईचा रक्तस्राव कमी होतो, म्हणजे ते दोघांच्या फायद्याचं.

आम्ही त्यांना शिकवायचो ते फार मोठं काही नव्हतं. हात साबणाने धुवा, जागा स्वच्छ, ब्लेड नवं किंवा उकळलेलं, दोरा उकळलेला, नाळेवर काही लावू नका. एवढ्याने आणि गरोदरपणी आईला दिलेल्या टिटॅनसच्या इंजेक्शनने हा रोग हटला, २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळाचा धनुर्वात जवळजवळ संपल्याचं जाहीर झालं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशी मुलं हातात धरली आहेत त्यामुळे ती बातमी वाचली त्या दिवशी मी खूप रडले.

---

गिरणगाव_जुनं

दोन्ही ताईंनी छान लिहिलंय, मी फक्त आकड्यांचा भाग जोडतो कारण अडाणीपणा वगैरे म्हणणाऱ्यांना तो दाखवायला हवा. १९२१ सालचे मुंबई म्युनिसिपालिटीचे बालमृत्यूचे आकडे खोल्यांप्रमाणे आहेत. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हजार जन्मांमागे ८२८ मुलं वर्षाच्या आत गेली, आणि चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. हा आकडा थोडा फुगलेला आहे हे मान्य, कारण बऱ्याच मुलांचा जन्म गावी व्हायचा किंवा नोंदलाच जायचा नाही पण मृत्यू मुंबईत नोंदला जायचा. तरी दोन्ही टोकांमधलं अंतर बघा. सुईण तर दोन खोल्यांच्या घरीही यायची, तिथे आकडा ३२२ होता. म्हणजे खोली, हवा, पाणी, आईचं खाणं हे सगळं त्यात आलं.

आणि ज्या बायका स्वतः गिरणीत होत्या (वाइंडिंग, रीलिंग खात्यांत) त्यांचं तर आणखी वेगळं. १९२१-२२ च्या सुमाराला सरकारने डॉक्टर बार्न्स नावाच्या लेडी डॉक्टरला गिरणी कामगार बायकांची पाहणी करायला नेमलं होतं. तिने नोंदवलंय की कामावर जाणाऱ्या आया बाळांना अफूच्या गोळ्या देतात. बाळगोळी म्हणायचे त्याला. दिवसभर मूल झोपून राहावं म्हणून, कारण बघायला कोणी नाही आणि खाडा केला तर नायकिणीच्या (गिरणीतल्या बायकांवरच्या मुकादमिणीच्या) हाताखालची जागा जाणार. ते मूल मग दूधही नीट प्यायचं नाही आणि सुकत जायचं. याचा दोष कुणी आईला देत असेल तर त्याने आधी तिला रजा होती का ते बघावं.

रजा नव्हतीच. १९२९ साली मुंबई प्रांतात मॅटर्निटी बेनिफिट कायदा झाला तेव्हा पहिल्यांदा दिवसाला आठ आणे आणि जास्तीत जास्त सात आठवडे असा हक्क मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ ला, मुंबई कायदेमंडळात या बिलावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि तिच्या श्रमाचा फायदा मालक घेतो तर त्याने त्यातला भार उचललाच पाहिजे. देशभरासाठी एक कायदा यायला १९६१ उजाडलं, म्हणजे या ताईंच्या आजीचं शेवटचं बाळंतपण झालं ते वर्ष.

---

सुईणीचा_नातू

मी सहसा इथे लिहीत नाही, वाचतो फक्त. पण सुईण सुईण एवढं वाचलं आणि ती सुईण माझी आजी असू शकते म्हणून लिहितोय. वरळी, डिलाईल रोड, नायगाव या भागात ती जायची.

आम्ही मातंग समाजाचे. गावाकडे हे काम आमच्या बायकांकडेच असायचं, आईकडून सासूकडून शिकायचं. ती मुंबईत आली तर इथेही लोकांना तिची जात आधी कळली आणि काम नंतर. मावशी, तुम्ही लिहिलंत दहा दिवस यायची म्हणून. त्या दहा दिवसांत ती बाळंतिणीला हात लावायची, बाळाला हात लावायची, सगळं लागलेलं ओलं-सुकं ती उचलायची. अकराव्या दिवशी घर धुऊन सगळ्यांनी अंघोळी केल्या की परत चहा वेगळ्या कपात. हे तुमच्या घराबद्दल म्हणत नाही, पण माझ्या आजीने हे बऱ्याच घरांत सोसलं. बारशाला तिला बोलावलं जायचं पण बसवायचे जिन्याजवळ.

तिला मिळायचं काय तर सुपात तांदूळ, खण, नारळ आणि सव्वा रुपया, मुलगा झाला तर लुगडं. मुलगी झाली की लुगडं नाही आणि कधी सव्वा रुपयाही राहून जायचा. आणि मूल गेलं तर सुईणीने खाल्लं म्हणायला सगळे तयार.

नर्सताईंनी चुका लिहिल्या त्या खऱ्या आहेत, मी नाकारत नाही. आजीने स्वतः मला सांगितलं होतं की साबणाचं कळायच्या आधी माझ्या हातून किती गेले असतील देवाला माहीत. नंतर तिने ट्रेनिंग घेतलं, तिथे तिला कातर, वाटी, साबण असलेली पेटी मिळाली होती, ती शेवटपर्यंत खाटेखाली होती.

पण एक गोष्ट मला सांगायचीच आहे. तिला कळायचं कुठलं आपल्या हातचं नाही. पोटाला हात लावून सांगायची मूल आडवं आहे, किंवा हात आधी आलाय, आता दवाखाना. मग खुर्चीत बसवून चौघं जण बाईला तीन जिने उतरवायचे, खाली व्हिक्टोरिया (घोडागाडी) मिळाली तर ठीक नाहीतर हातगाडी. अशीच एकदा एका बाईला घेऊन ती एका हॉस्पिटलात गेली, नाव मी घेणार नाही. तिथे सगळ्या वॉर्डासमोर तिला झापलं, घाणेरडे हात घालून बाईला मारायला आणलीस म्हणाले आणि बाहेर काढलं. ती बाई आणि मूल दोन्ही वाचले. पण आजी म्हणायची, त्यानंतर कुणाला दवाखान्यात घेऊन जायचं म्हटलं की माझा पाय अडायचा, अजून थोडं बघू, अजून थोडं बघू असं व्हायचं. तिने हे सांगितलं तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती आणि तेव्हाही तिचा आवाज बारीक झाला होता. त्या एका शिवीमुळे पुढे किती बाया उशिरा पोचल्या असतील याचा हिशेब कोण ठेवणार?

आणि दुसरं म्हणजे चाळीतून हॉस्पिटलात जायच्या त्या फक्त अडलेल्या, दोन दिवस कळा देऊन थकलेल्या. त्यातल्या काही परत यायच्या नाहीत. मग चाळीत बोललं जायचं की दवाखान्यात गेलेली बाई येत नाही. म्हणून पुढची बाई आणखी उशिरा निघायची. नायगावच्या ताई, तुमच्या आजी वीस मिनिटांवर का गेल्या नाहीत त्याचं एक कारण हे पण असणार.

---

लालबागची_मावशी

दादा, तुझ्या आजीला माझा नमस्कार. आमच्याकडे पण कप वेगळा होता, खोटं बोलणार नाही. पत्र्याच्या डब्यावर पालथा ठेवलेला असायचा आणि त्याला कधी कान नव्हता. मी लहान होते पण मला दिसायचं आणि मी कधी विचारलं नाही.

---

निवृत्त_नर्स

सुईणीचा नातू, तुम्ही लिहिलंत ते मी पण पाहिलंय आणि त्या झापणाऱ्यांत सुरुवातीची काही वर्षं मी पण होते. अडलेली बाई आली की आमची भीती आम्ही तिला घेऊन येणाऱ्यावर काढायचो. नंतर आमच्या एका सिस्टरने नियम केला की सुईण आली तर आधी तिला बसवायचं, पाणी द्यायचं आणि कळा कधीपासून, पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) कधी फुटली ते तिलाच विचारायचं, कारण नवऱ्याला काही माहीत नसतं. त्यानंतर बाया लवकर यायला लागल्या, हे मी आमच्या लेबर रूममध्ये प्रत्यक्ष बघितलं.

---

नायगावची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार, मला उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. आम्ही सातारकडचे, तेही विचारलं होतं मावशींनी. आजीची सासू गावी जमीन बघायला आणि इथे खानावळ, त्यामुळे आजी बाळंतपणाला गावी एकदाही गेली नाही.

दादांचं उत्तर वाचताना बाबांनी मला मध्येच थांबवलं. त्यांना आठवलं की ते खाली उभे होते तेव्हा शेजारच्या काकूंनी गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं टॅक्सी बघा, आणि आजोबा नाक्याकडे पळाले. तेवढ्यात वरून काका रडल्याचा आवाज आला म्हणून ते परत फिरले. म्हणजे त्या वेळी हॉस्पिटलात जायचं ठरलं होतं! आमच्या घरात ही गोष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं. बाबांना वरून जो सुईणीचा मोठा आवाज आठवतो तो बहुतेक तेव्हाचाच असेल.

आणि त्या मुलीबद्दल. बाबा म्हणाले ती त्यांच्यापेक्षा मोठी होती, चार महिन्यांची होऊन गेली, १९४८ किंवा ४९. तिचं बारसं झालं होतं पण नाव त्यांना माहीत नाही. नर्सताई, जन्माची नोंद म्युनिसिपालिटीत सापडेल का हो? घरी झालेल्या मुलांची करायचे का?

---

निवृत्त_नर्स

करायला हवी होती पण सगळे करायचे असं नाही. वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य खात्यात जा, आजोबांचं पूर्ण नाव, चाळीचा आणि खोलीचा नंबर घेऊन. जन्माच्या नोंदीत बहुतेक वेळा नाव नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची, नुसतं स्त्री किंवा पुरुष असतं. म्हणून मृत्यूची नोंद पण शोधायला सांग, चार महिन्यांची होती म्हणजे त्यात नाव लिहिलेलं असू शकतं. दोन्ही वर्षांचे अर्ज एकदम दे. आणि काही मिळालं तर इथे लिही, मी वाट बघते.